बेळगावातून दोनशे किलोमीटर सायकल: सीमाभागातला लांबचा मार्ग ऑनलाइन नकाशावर कसा आखायचा

बेळगावातून सायकल काढली की चारही दिशांना लांब जाता येतं. पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाटातून गोवा. वायव्येला शिनोळी, चंदगड, आंबोली. दक्षिणेला खानापूर, लोंढा, अनमोड. उत्तरेला संकेश्वर, निपाणी, कागल आणि पुढे कोल्हापूर. पूर्वेला गोकाक आणि सौंदत्ती. एका बाजूला लाल माती, जंगल आणि घाट, तर दुसऱ्या बाजूला काळी रानं, ऊस आणि नद्यांवरचे बंधारे. शंभर किलोमीटरच्या आत रस्त्याचा पोत, पाट्यांची लिपी आणि पावसाचं मान इतकं बदलतं की एकाच नकाशावर डोळे मिटून विसंबता येत नाही.

कुठलंही साधन दोन गावांची नावं दिली की काही सेकंदांत मार्ग काढून देतं. तो मार्ग कच्चा मसुदा समजावा. त्यावर उपग्रह चित्र, ऋतू आणि त्या भागातल्या माणसाची माहिती चढवली की तो सायकलने जाण्याजोगा होतो. हे काम घरी बसून दोन संध्याकाळींत होतं. कसं करायचं ते एका प्रत्यक्ष वळशावर दाखवतो: बेळगाव, शिनोळी, चंदगड, आंबोली, आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर आणि परत बेळगाव. अंतर साधारण 190 किलोमीटर. दोन राज्यं आणि बेळगाव, कोल्हापूर, सिंधुदुर्ग असे तीन जिल्हे यात येतात, म्हणून उदाहरणाला हा वळसा चांगला.

कुठलं साधन कशासाठी

सगळी कामं एका ॲपवर होत नाहीत, आणि तसा हट्टही धरू नये. गूगल मॅप्स गावं, हॉटेलं, पेट्रोल पंप, दवाखाने आणि रस्ता सध्या बंद आहे का हे बघायला उत्तम. पण त्याचा दुचाकीचा पर्याय मोटरसायकलसाठी आहे. तो वेळ वाचवायला बघतो आणि तुम्हाला हायवेवर नेऊन सोडतो. चालत जाण्याचा पर्याय निवडून सायकलचा मार्ग काढायची सवय अनेकांना असते. ती सोडावी. बांधावरची पायवाटही त्याला रस्ताच वाटते.

मार्ग आखायला ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी साधनं घ्या. हा नकाशा 2004 साली सुरू झाला. तो लोकांनीच भरलेला आहे आणि अजूनही भरतायत. ब्राउटर हे फुकटचं साधन ब्राउझरमध्ये उघडतं, लॉगिन लागत नाही, आणि मार्गाच्या प्रत्येक तुकड्याला नकाशात काय नोंद आहे (डांबरी, कच्चा, पायवाट) हे तक्त्यात दाखवतं. आपल्या भागात मला हेच सर्वांत उपयोगी वाटतं. कोमूट आणि राइड विथ जीपीएस यांत मार्ग साठवणं, मित्रांना पाठवणं आणि वळणांची यादी काढणं सोपं जातं. स्ट्राव्हा या फेऱ्या नोंदवायच्या ॲपचा हीटमॅप दाखवतो की लोक प्रत्यक्षात कुठून सायकल चालवतात. बेळगाव शहराभोवती आणि घाटरस्त्यांवर तो ठळक दिसतो. आतल्या गावांत रेघ फिकी दिसली तर रस्ता वाईट असं समजू नका. तिथले लोक रोज सायकल चालवतात, फक्त ॲप लावत नाहीत.

बारीक दुरुस्तीला जीपीएक्स स्टुडिओ आणि रस्त्यावर नेट नसताना वापरायला ऑस्मअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्स ही नकाशाची ॲप. एवढं पुरतं.

गावाचं नाव टाकताना

सीमाभागात पहिली ठेच इथे लागते. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. कुठे जुनं नाव सापडतं, कुठे नवं. खानापूर टाकलंत तर सांगली जिल्ह्यातलं खानापूर पुढे येऊ शकतं. आंबोली टाकलंत तर मुंबईतली आंबोली. निपाणीच्या रोमन स्पेलिंगमध्ये कुठे एक पी, कुठे दोन. शहराला लागून असलेल्या कंग्राळीची तर दोन गावं आहेत, खुर्द आणि बुद्रुक. कर्नाटकातल्या पाट्यांवर आणि कागदोपत्री त्यांचं के.एच. आणि बी.के. होतं. ही खूण न कळल्यामुळे नवखा माणूस भलत्याच गावात पोहोचतो.

म्हणून नाव शोधून आलेल्या पहिल्या उत्तरावर टिचकी मारू नका. आधी नकाशा हाताने सरकवत त्या भागात न्या आणि ठिकाणावर बोट ठेवून बिंदू टाका. बिंदू गावाच्या मध्यावर नको, तुम्हाला ज्या रस्त्याने जायचंय त्या रस्त्यावर टाका. मध्यावर टाकला की साधन तुम्हाला पेठेतून, बाजाराच्या दिवशी तर थेट भाजीवाल्यांमधून नेतं.

वळसा आखणं

सुरुवात आणि शेवट दोन्ही बेळगाव दिलं तर साधनाला काही कळत नाही. मधले बिंदू द्यावे लागतात. हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा, चंदगड, आंबोली, आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर असे क्रमाने टाका. प्रत्येक बिंदू टाकल्यावर थांबा आणि नवीन आलेली रेघ मोठी करून बघा. सगळे बिंदू टाकून शेवटी तपासायचं म्हटलं तर कंटाळा येतो, आणि मधल्या एखाद्या तुकड्यात साधनाने काढलेली आडवाट नजरेतून सुटते.

या वळशात दोन जागी विशेष लक्ष हवं. पहिली पाटणे फाटा. इथून एक वाट तिलारी आणि दोडामार्गाकडे उतरते. कोकणात उतरायचा बेत असेल तेव्हा साधन अंतर कमी म्हणून तिलारीचा घाट सुचवतं. तो अरुंद आहे, वळणं तीव्र आहेत आणि उतार जबरदस्त आहे. सामान लादलेल्या सायकलने, रिम ब्रेकवर, ओल्या रस्त्यावर तिथून उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आंबोली घाट लांब पडतो, पण रुंद आणि वर्दळीचा आहे.

दुसरी जागा संकेश्वर ते बेळगाव. जवळपास 50 किलोमीटरचा हा तुकडा राष्ट्रीय महामार्ग 48 वरून, म्हणजे जुन्या पुणे-बेंगळुरू हायवेवरून जातो. सायकलवाल्याने शक्य तिथे सर्व्हिस रोड धरावा. पण मुख्य रस्ता आणि सर्व्हिस रोड यांत काही मीटरचंच अंतर असल्याने जीपीएसला दोन्हींतला फरक नीट कळत नाही, आणि मोबाइलमधला बाण कुठल्याही रेघेवर दिसू शकतो. तिथे डोळ्यांवर भरवसा ठेवा. दुभाजक ओलांडायचा असेल तर साधन दुभाजकातल्या फटीतून वळायला सांगेल. तसं न करता पुढचा भुयारी मार्ग गाठा. घरी उपग्रह चित्रात हे भुयारी मार्ग शोधून त्यांवर खुणेचे बिंदू टाकून ठेवले की रस्त्यात विचार करावा लागत नाही.

हायवे नकोच असेल तर यमकनमर्डीहून आत वळून पाच्छापूर, अंकलगी, कणबर्गी असं बेळगावला येता येतं. रस्ता लांबतो, पण ट्रक कमी. ब्राउटरमध्ये टाळायचा भाग नकाशावर गोल काढून रोखता येतो. हायवेच्या तुकड्यावर असा गोल ठेवला की साधन आपोआप आतली वाट शोधतं. ती वाट जशीच्या तशी घ्यायची नाही, तपासायची.

तपासणी: रस्ता, पाणंद आणि बंधारा

नकाशात बारीक रेघ दिसते, पण ती डांबरी सडक आहे की उसाच्या फडामधली पाणंद, हे रेघेवरून कळत नाही. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये पृष्ठभागाची नोंद बऱ्याच ग्रामीण रस्त्यांना नसतेच. नोंद नसली की काही साधनं तो रस्ता चांगलाच धरून चालतात.

उपग्रह चित्र उघडा आणि रेघेवरून हळूहळू पुढे सरका. डांबरी रस्ता राखाडी, सलग आणि एकाच रुंदीचा दिसतो. पाणंदीला दोन चाकोऱ्या आणि मधे गवताची पट्टी दिसते. पश्चिमेकडे, खानापूर-जांबोटी भागात, जांभ्याच्या कच्च्या वाटा तांबड्या दिसतात. त्या कोरड्या दिवसांत चालतात. पूर्वेकडच्या काळ्या मातीच्या वाटा मात्र वळवाच्या एका पावसात बाद होतात. चिखल मडगार्ड आणि ब्रेकमध्ये असा भरतो की चाक फिरत नाही, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. जून ते ऑक्टोबर या भागात कच्चा तुकडा मार्गात ठेवूच नका, भले तो दहा किलोमीटर वाचवत असो.

बंधाऱ्यांचं काय, हे तर नकाशा सांगतच नाही. चिकोडी-निपाणी पट्ट्यात कृष्णा, वेदगंगा आणि दूधगंगा या नद्यांवर कल्लोळ-येडूर, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी असे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. त्यांच्यावरून रस्ता जातो. उन्हाळ्यात हा सुंदर जवळचा मार्ग. पावसाळ्यात पश्चिम घाटात पाऊस वाढला की हे बंधारे पाण्याखाली जातात, आणि तुमच्या गावात त्या दिवशी लख्ख ऊन असू शकतं. पाणी राधानगरीच्या बाजूला पडलेल्या पावसाचं असतं. साधनाला हे ठाऊक नसतं. ते जुलैतही तुम्हाला त्याच बंधाऱ्यावरून पाठवतं. म्हणून मार्ग जिथे जिथे नदी ओलांडतो तिथे चित्र मोठं करा. दगडी खांबांची रांग आणि अरुंद पट्टी दिसली तर बंधारा समजा आणि उंच पुलाचा दुसरा मार्ग आधीच आखून ठेवा. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल तर घोटाभर का असेना, सायकल घालायची नाही.

आता माणसांना विचारणं. त्या भागातलं कुणी ओळखीचं असेल तर फोन करा, नसेल तर तिथल्या सायकल ग्रुपवर विचारा. प्रश्न नीट असावा. ‘रस्ता आहे का?’ विचारलंत तर उत्तर ‘हाय की’ असंच येतं, कारण रस्ता असतोच. त्याऐवजी विचारा, ‘काका, या रस्त्यानं एसटी जाते का? ऊस भरलेला ट्रॅक्टर कुठून जातो? पावसात पाणी चढतं का?’ एसटी किंवा वायव्य कर्नाटकाची लाल बस जात असेल तर सायकल नक्की जाते. कानडी बोलणाऱ्या गावात ‘रोड छलो ऐतेनरी?’ एवढं विचारलं तरी हसून उत्तर देतात, आणि बहुतेक वेळा पुढचं बोलणं मराठीतच होतं.

चढाईचे आकडे

एकच वळसा एका साधनात दीड हजार मीटर चढाईचा दिसतो, दुसऱ्यात दोन हजारांचा. इतका फरक सहज पडतो. बहुतेक साधनांची उंचीची माहिती मुळात उपग्रह किंवा अंतराळ यानाच्या मापनातून येते. त्यातलं मोठं मापन 2000 सालच्या फेब्रुवारीत अवकाशयानातून झालं. त्यात जमिनीचे साधारण 30 मीटरचे ठोकळे पाडून प्रत्येकाला एकच उंची दिलेली आहे. सपाट माळावर हे चालतं. घाटात मात्र रस्ता डोंगराच्या कडेने कोरलेला असतो. ठोकळ्यात वरचा कडाही येतो आणि खालची दरीही. त्यामुळे आलेखात दातेरी चढउतार दिसतात आणि अधूनमधून 20 टक्क्यांचा खोटा चढ उगवतो. टोकाचा आकडा बघून घाबरू नका. दोन-तीन किलोमीटरची सरासरी बघा. हजार मीटर अंतरात 60 मीटर उंची वाढली तर चढ 6 टक्के.

आपल्या वळशात मोठा घाट चढायचा नाहीये, कारण आपण घाटमाथ्यावरूनच फिरतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर, आंबोली 690 च्या आसपास. पण चंदगड ते आजरा हा सगळा पट्टा लाटांचा आहे. छोटे छोटे चढ संपतच नाहीत. शेवटी, दिवसभर सायकल मारून झाल्यावर, हत्तरगीच्या पुढे वंटमुरीचा घाट येतो. ताज्या पायांना तो काहीच नाही. दीडशे किलोमीटरनंतर तो जाणवतो. हत्तरगीला थांबून पाणी प्यायचं आणि काहीतरी खायचं, हे आधीच नकाशात टाकून ठेवा.

दिशा, ऋतू, वेळ

पावसाळ्यात वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा असतो. आंबोलीकडे जाताना तो तोंडावर, संकेश्वरहून येताना मदतीला. हिवाळ्यात कोरडा पूर्वेचा वारा उलटं करतो. वळसा उलट्या दिशेने घ्यायचा का, हे यावरून ठरवा. सकाळी वारा कमी असतो, म्हणून वाऱ्याविरुद्धचा भाग सकाळी यावा.

आंबोली हे महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे दाट धुकं असतं, समोरचं दहा पावलांवरचं दिसत नाही. लांबच्या वळशाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पण त्याच काळात साखर कारखान्यांचा गाळप हंगाम चालू असतो. गडहिंग्लज, संकेश्वर, हुक्केरी, निपाणी भागात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर संध्याकाळी रांगेने निघतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो. रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्यांवरून चाक घसरतं. म्हणून वेळापत्रक असं आखा की संकेश्वर दुपारी तीनच्या आत मागे पडेल.

वेळेचा हिशेब असा. ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब सायकल फेरीत, 200 किलोमीटरला 13.5 तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी 15 किलोमीटर. हा वेग नवख्यानेही धरावा. पहाटे साडेपाचला बेळगाव सोडा. आंबोली 68 किलोमीटरच्या आसपास, साडेनऊला. न्याहारी करून दहाला निघालात तर आजरा पावणेबाराला, गडहिंग्लज एकला. तिथे जेवण आणि विश्रांती. संकेश्वर पावणेतीनला, बेळगाव साडेसहाच्या सुमारास. डिसेंबरात तोवर अंधार पडलेला असतो, म्हणून पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारं जाकीट सक्तीचं समजा. पहाटेच्या अंधारातला भाग शिनोळीपर्यंतच्या गावांचा आहे. चंदगडच्या पुढचं रान लागेपर्यंत उजाडलेलं असतं.

जंगलाबाबत एक नियम कधीच मोडू नका. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या आसपास अस्वलं आणि गवे आहेत. हेमाडगा, कणकुंबी किंवा अनमोडकडचा मार्ग आखला तर सूर्योदयानंतर शिरा आणि सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी बाहेर पडा. वनखात्याच्या नाक्यावर विचारल्याशिवाय जंगलातल्या आडवाटेला जाऊ नका, नकाशात ती कितीही छान दिसो.

फाइल आणि मोबाइल

मार्ग पक्का झाला की त्याची जीपीएक्स फाइल, म्हणजे मार्गाचे बिंदू साठवणारी फाइल, उतरवा. इथे दोन पर्याय दिसतात, ट्रॅक आणि रूट. ट्रॅक घ्या. ट्रॅकमध्ये रस्त्याचं प्रत्येक वळण बिंदूंनी नोंदलेलं असतं. रूटमध्ये मोजके बिंदू असतात आणि मोबाइल किंवा सायकल कॉम्प्युटर मधला रस्ता स्वतः पुन्हा काढतो. तुम्ही दोन संध्याकाळी खपून टाळलेली पाणंद तो हमखास परत आणतो.

ऑफलाइन नकाशे राज्यवार असतात. फक्त कर्नाटकाचा उतरवलात तर बाचीच्या पुढे शिनोळीला पडदा कोरा होतो. कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही घ्या, आणि चोर्ला किंवा अनमोडचा बेत असेल तर गोवाही. गूगलचा ऑफलाइन नकाशा जवळ असावा, पण नेट नसताना तो फक्त गाडीचा मार्ग देतो हे लक्षात ठेवा. सगळं उतरवून झालं की घरीच मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका आणि मार्ग उघडतोय का, नकाशा मोठा होतोय का हे तपासा. कणकुंबी-चोर्ला पट्ट्यात नेटवर्क जातं. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, फक्त जागा पकडायला पहिल्यांदा थोडा जास्त वेळ घेतं.

पडदा सतत चालू ठेवला तर बॅटरी दुपारपर्यंत संपते. पडदा बंद, आवाजाने वळण सांगणं चालू, आणि खिशात 10,000 एमएएचची पॉवर बँक असावी. शिवाय एक कागद. त्यावर वळणाचं ठिकाण, तिथपर्यंतचं अंतर आणि पुढची दिशा एवढंच लिहा, पोस्टकार्डाएवढ्या जागेत. कर्नाटकातल्या पाट्या कानडीत असल्याने कागदावर चार-पाच गावांची नावं कानडी अक्षरांतही काढून घ्या. वाचता आलं नाही तरी पाटीशी आकार जुळवता येतो.

याच कागदावर माघारीचे रस्ते लिहा. आंबोलीहून बेळगावची बस, गडहिंग्लजहून एसटी, आणि आतल्या रस्त्याने आलात तर पाच्छापूरचं रेल्वे स्टेशन. मिरज-लोंढा मार्गावर घटप्रभा, गोकाक रोड, पाच्छापूर, बेळगाव, खानापूर ही स्टेशनं ओळीने आहेत, पूर्वेकडच्या कुठल्याही मार्गाला त्यांचा आधार होतो. घरी एकाला फाइल पाठवून ठेवा आणि कुठून किती वाजता फोन करणार ते सांगा. अडचणीत 112 हा क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो. फोनवर जागा सांगताना गावाच्या नावासोबत नकाशातले अक्षांश-रेखांश वाचून दाखवा.

रस्त्यावर आणि परतल्यावर

बाण आणि रस्ता यांचा मेळ बसेना की थांबा. चालवत-चालवत मोबाइल बघायचा नाही. मैलाचे दगड बघा. पिवळ्या टोपीचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य महामार्गाचा, नारिंगी ग्रामीण सडकेचा. तुमच्या मते तुम्ही राज्य महामार्गावर आहात आणि बराच वेळ नारिंगी दगडच दिसतायत, तर वळण चुकलंय. संकेश्वर-बांदा रस्त्यासारखं मोठं रुंदीकरण झालेलं असतं तिथे नकाशातली जुनी रेघ आणि नवी सडक एकमेकींपासून सरकलेली दिसतात. तिथे सडक खरी मानून पुढे जा, रेघ थोड्या वेळाने येऊन मिळते.

परत आल्यावर रेकॉर्ड झालेला ट्रॅक आणि आखलेला ट्रॅक एकावर एक ठेवून बघा. जिथे दोन्ही फुटतात तिथे एक ओळ लिहा: पूल बंद होता, रस्ता उखडलेला होता, पाण्याची सोय चांगली होती. मग अर्धा तास काढून हीच माहिती ओपनस्ट्रीटमॅपवर भरा. स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप तुम्ही उभे असाल त्या रस्त्याबद्दल साधे प्रश्न विचारतं: पृष्ठभाग कसा, दिवे आहेत का. गावाचं मराठी आणि कानडी नाव दोन्ही नोंदवता येतात, बंधाऱ्यावरच्या रस्त्याला पूर येतो अशी खूणही लावता येते. कारदगा-भोज किंवा जत्राट-भिवशीसारख्या एका जागेवर ही खूण पडली, तर पुढच्या जुलैत नकाशा उघडणाऱ्या सायकलस्वाराला पाण्याचा धोका घरीच कळेल. सुरुवात तुमच्या घरापासून पाच किलोमीटरच्या आतल्या रस्त्यांनी करा. ते तुम्हाला पाठ असतात.